मुंबईत तीन, हैदराबादेत तीन: कॅसॅन्ड्रा अडीच वर्षं वापरल्यावर

कॅसॅन्ड्रा नावाच्या डेटाबेसला आधी तारे देऊन टाकतो: पाचपैकी साडेतीन. एक तारा कशाला कापला ते मध्ये कुठंतरी येईल, अर्धा राखून का ठेवलाय ते शेवटी. (मी बाई आहे, पण कोल्हापूरची. 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतो आणि इथंही तसंच लिहिणार. पुण्याकडच्यांनी गोंधळू नये.)

आमचं ऑफिस राजारामपुरीत, अकरा माणसांचं. दूध संस्थांना संकलनाचं सॉफ्टवेअर देतो. करवीर, पन्हाळा, राधानगरी, कागल या पट्ट्यातल्या संस्था. सकाळी साडेपाच ते आठ आणि संध्याकाळी पाच ते आठ माणसं किटल्या घेऊन रांगेत उभी असतात. काटा लिटर सांगतो, मशीन फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग) सांगतं, दरपत्रकावरून दर लागतो, चिठ्ठी हातात पडते. सभासद कोड ११४, म्हैस, ४.२ लिटर, फॅट ६.८, एसएनएफ ९.१. बास, एवढीच ओळ. अशा ओळी दिवसातून दोनदा धो धो येतात आणि मधल्या वेळेत शुकशुकाट. दर दहा दिवसांनी त्यांचं बिल निघतं. बिलात एका वेळचं दूध कमी दिसलं तर माणूस फोन करत नाही, गाडी काढून राजारामपुरीत येतो.

२०१९ च्या ऑगस्टपर्यंत आमचा सर्व्हर शाहूपुरीत व्हीनस कॉर्नरजवळ एका तळघरात होता. भाडं कमी आणि गारवा चांगला, दुसरं काही कारण नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली, गावात पेट्रोल मिळेना. पाणी ओसरल्यावर आम्ही तळघरात उतरलो तर सर्व्हरच्या पंख्यात गाळ बसलेला आणि त्या गाळात एक खेकडा. बॅकअपची डिस्क माझ्या घरी कपाटात होती, पण अकरा दिवसांपूर्वीची. बिल दहा दिवसांचं आणि बॅकअप अकरा दिवसांचा, म्हणजे अख्खं एक बिल पाण्यात. संस्थांच्या कागदी नोंदींवरून पुढचे तीन आठवडे हातानं भरत बसलो.

मग मुंबईतल्या क्लाउडवर गेलो. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला, ऑफिस बंद राहिलं, सर्व्हर मात्र तिकडं कोरडा. सगळे खूश झाले, आबा सोडून. आबा म्हणजे माझे वडील, गावच्या दूध संस्थेत बावीस वर्षं सचिव होते. ते एवढंच म्हणाले, "मुंबईत पाऊस पडत न्हाई व्हय?" आता यावर काय बोलणार? २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला होता, तो मी टीव्हीवर बघितलेला. इथून दुसऱ्या शहराचा शोध सुरू झाला.

पर्याय तोवर बरेच झाले होते. मायक्रोसॉफ्टनं २०१५ मध्येच पुणे, मुंबई आणि चेन्नईत डेटा सेंटर उघडलेली, ॲमेझॉन २०१६ ला मुंबईत आणि २०२२ च्या शेवटी हैदराबादेत, गूगल २०१७ ला मुंबईत आणि २०२१ ला दिल्लीत. आम्ही मुंबईच्या जोडीला हैदराबाद घेतलं. हैदराबाद काही कोरडं गाव नव्हे, १९०८ ला मुसी नदीनं ते बुडवलेलं आहे. पण मुसी आणि मिठी एकाच दिवशी फुगायला फारच वाईट नशीब लागेल. इथं मी क्लाउड कंपनीबद्दल बोलत नाही, दोन्हीकडं जो डेटाबेस चालतो त्याच्याबद्दल बोलतोय.

तो डेटाबेस म्हणजे कॅसॅन्ड्रा. फेसबुकात अविनाश लक्ष्मण आणि प्रशांत मलिक यांनी इनबॉक्समधल्या शोधासाठी बांधला, २००८ ला सगळ्यांसाठी खुला केला, आता अपाची फाउंडेशनकडं असतो. फुकट आहे. नाव ट्रॉयच्या त्या राजकन्येचं, जिचं भविष्य खरं ठरायचं पण कुणी ऐकायचं नाही. आतल्या भागांची नावं तर बघा: नोड, म्हणजे हा डेटाबेस चालवणारे एकेक सर्व्हर, एकमेकांची खबर घेतात त्याला गॉसिप, कोण कुठल्या शहरात बसलाय हे सांगणाऱ्याला स्निच, म्हणजे चुगलखोर, आणि खोडलेल्या नोंदीवर जी खूण राहते ती टूमस्टोन, म्हणजे थडग्यावरचा दगड. गावची चावडी आणि शेजारचं स्मशान एकाच डेटाबेसात.

रचना आमची साधी आहे. मुंबईत तीन नोड, तीन वेगवेगळ्या झोनमध्ये, म्हणजे त्याच शहरातल्या वेगळ्या जागी, आणि हैदराबादेत तसेच तीन. दोन्ही शहरांत प्रत्येक ओळीच्या तीन प्रती, म्हणजे सहाही नोडकडं सगळं दूध. यात मालक-नोकर असं काही नाही, कुठल्याही नोडकडं लिहा, तो पुढं पोचवतो. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट बारीक आहे. मुंबईत ओळ लिहिली की हैदराबादला तिच्या तीन प्रती स्वतंत्र जात नाहीत. एकच जाते आणि तिथला एक नोड उरलेल्या दोघांना देतो. एसटीतून वर्तमानपत्राचा गठ्ठा एकाच थांब्यावर टाकायचा आणि तिथून पोरानं सायकलवर वाटायचा, तसं. दोन शहरांमधल्या वाहतुकीचे क्लाउड कंपन्या गीगाबाइटवर पैसे घेतात, त्यामुळं हा शहाणपणा थेट बिलात दिसतो.

दुसरं शहर जोडणं वाटलं होतं त्यापेक्षा सोपं गेलं. नवे नोड रिकामे उठवायचे, स्वतःहून डेटा ओढू नका असं त्यांना सांगायचं, मग कीस्पेसला, म्हणजे टेबलांच्या गठ्ठ्याला, दोन्ही शहरांत तीन-तीन प्रती ठेवायला सांगायचं आणि शेवटी प्रत्येक नव्या नोडवर 'रिबिल्ड' चालवून मुंबईकडून जुना माल आणायचा. संकलन एक मिनिटही थांबलं नाही. हे काम आम्ही दुपारी केलं, म्हशी रवंथ करत असतात तेव्हा. आवृत्ती ४.१ होती.

खरी परीक्षा पुढं सुरू होते, ती 'किती जणांनी हो म्हटल्यावर काम झालं म्हणायचं' या प्रश्नावर. कॅसॅन्ड्रा हे प्रत्येक वेळी तुम्हालाच विचारतो. आमच्याकडं दूध संस्थेच्या वार्षिक सभेला गणपूर्ती लागते ना, तेच हे कोरम. सहा प्रतींत कोरम म्हणजे चार. मुंबईत तीनच, म्हणजे चौथा हो हैदराबादहून आलाच पाहिजे. सुरुवातीला आम्ही अडाणीपणानं हेच ठेवलं. मुंबई-हैदराबाद सरळ रेषेत सव्वासहाशे किलोमीटरच्या आसपास. काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन सहा मिलिसेकंद तर देवाघरचाच हिशोब. तार सरळ नसते, मध्ये यंत्रं असतात, आम्हाला वीस-पंचवीस लागायचे. रांगेतल्या माणसाला तेवढं कळत नाही, ते सोडा. पण चाचणीत दोन शहरांमधला दुवा तोडला आणि दोन्ही शहरं एकदम मुकी झाली. इकडं तीन, तिकडं तीन, चार कुणाकडंच नाहीत. दोन डेटा सेंटरचे पैसे भरून एकापेक्षा कमी भरवसा विकत घेतला होता आम्ही. आणि वार्षिक सभेचा तो नियम, गणपूर्ती नाही म्हणून सभा तहकूब आणि अर्ध्या तासानं त्याच ठिकाणी गणपूर्तीशिवाय चालू, तो डेटाबेसात नसतो.

उत्तर 'लोकल कोरम'. आपल्या शहरातल्या तिघांपैकी दोघं हो म्हणाले की चिठ्ठी छापायची. दुसऱ्या शहराला माल निघालेला असतोच, पण त्याच्या पोचपावतीसाठी थांबायचं नाही. दुवा तुटला तर दोन्ही शहरं आपापली चालू राहतात आणि तेवढ्यापुरतं एकमेकांचं नवं कळत नाही. संगणकशास्त्रज्ञ एरिक ब्रुअरनं २००० मध्ये मांडलं आणि गिल्बर्ट व लिंच यांनी २००२ ला सिद्ध केलं ते हेच: दुवा तुटल्यावर एकतर गप्प बसा, नाहीतर थोडं शिळं बोला, तिसरी वाट नाही. दुधाच्या ओळीला शिळं चालतं. ती एकदाच लिहिली जाते, सहसा बदलत नाही आणि दोन माणसं एकच ओळ लिहीत नाहीत.

आता तो शनिवार.

आमची विभागणी अशी: संकलन मुंबईत लिहिलं जातं, सभासदांचं मोबाइल ॲप आणि बिलं हैदराबादेतून वाचतात. एका शनिवारी दुपारी चारला आमच्याच पोरानं फायरवॉलचे नियम आवरताना ७००० पोर्ट बंद केला. नोड एकमेकांशी कुलूपबंद बोलतात तो हा पोर्ट. दोन्ही शहरं ठणठणीत चालू होती, म्हणून कुणाला काही कळलं नाही. रविवारी सकाळी सातला लक्षात आलं, पोर्ट उघडला आणि आम्ही चहाला गेलो. आठला एका सचिवांचा फोन. "मॅडम, निम्म्या गावाचं दूध कुठं घालवलासा?"

निम्म्या गावाचं! मी ॲप उघडून बघितलं तर शनिवारी संध्याकाळी सातच्या आत दूध घातलेल्यांचं दिसत होतं आणि सातनंतरच्यांचं नव्हतं. मशीन नाही, जात नाही, गल्ली नाही, फक्त घड्याळाचा काटा. गावात तोवर तर्क सुरू झालेले, की अध्यक्षांच्या भावकीची माणसं आधी येतात, त्यांचंच तेवढं राहिलं.

कारण असं. समोरचा नोड दिसेनासा झाला की कॅसॅन्ड्रा त्याच्यासाठीच्या नोंदी बाजूला चिठ्ठीवर लिहून ठेवतो, त्याला हिंट म्हणतात. नोड परत आला की चिठ्ठ्या पोचवतो. पण हे फक्त तीन तास, सेटिंग बदललं नसेल तर. चार ते सात. सातनंतर तो चिठ्ठ्या लिहायचं थांबवतो, समजून चालतो की मोठा घोटाळा आहे, माणूस येऊन रिपेअर करेल. पोर्ट उघडल्यावर चार ते सातच्या चिठ्ठ्या इमानदारीनं पोचल्या आणि पुढचं दूध मुंबईतच राहिलं. वाचताना प्रती ताडून बघून दुरुस्त करायची सोय आहे, पण हैदराबादेतले तिघंही सारखेच अडाणी, ते एकमेकांना काय दुरुस्त करणार? 'रिपेअर' चालवला, म्हणजे दोन्ही शहरांतल्या प्रती ताडून राहिलेल्या ओळी पोचवायला लावल्या, साडेदहापर्यंत सगळं दूध दिसायला लागलं. त्याच दिवशी दहा दिवसांचं बिल निघणार होतं, ते दुपारवर ढकललं. त्या भावकीचं काय झालं ते विचारलं नाही.

चूक आमची, पण माझी तक्रारही आहे. तीन तास उलटून चिठ्ठ्या बंद झाल्या ही गोष्ट लॉगच्या एका कोपऱ्यात राहते, ती दारावर येऊन ओरडून सांगायची असते. आता आम्ही दर मिनिटाला मुंबईत एक खोटी ओळ लिहितो, हैदराबादेत वाचतो, आणि पाच मिनिटांत दिसली नाही तर माझा फोन वाजतो. त्या खोट्या सभासदाचा कोड ०, आणि त्याच्या म्हशीची फॅट कायम ७.०. ऑफिसात सगळ्यांना त्या म्हशीचा हेवा वाटतो.

रिपेअरबद्दल आणखी थोडं, कारण इथंच लोक फसतात. कॅसॅन्ड्रात नोंद खोडली की ती लगेच जात नाही, तिच्यावर टूमस्टोन बसतो आणि तो ठरलेल्या मुदतीनंतर झाडला जातो. मुदत ८,६४,००० सेकंद. भागाकार करा: बरोबर दहा दिवस. आमच्या बिलाएवढेच! एखाद्या नोडला खोडल्याची बातमी पोचली नाही आणि दहा दिवसांत रिपेअर झाला नाही, तर बाकीच्यांकडचा टूमस्टोन झाडला जातो आणि त्या एका नोडकडची जुनी नोंद परत सगळीकडं पसरते. आमच्याकडं एकदा, चुकून दोन वेळा छापली गेलेली चिठ्ठी खोडली होती, ती पुढच्या बिलात परत उगवली. तेव्हापासून रीपर नावाचं फुकट साधन लावलंय, ते तुकड्यातुकड्यानं आठवड्यातून एकदा सगळं ताडून घेतं. हे काम डेटाबेसनं स्वतःहून, पहिल्या दिवसापासून करायला हवं होतं. माझा अर्धा तारा इथं गेला.

दुसरा अर्धा कुठं गेला तेही सांगतो, म्हणजे एकाचा हिशोब पुरा होईल. सगळं जोडून झाल्यावर आम्ही मुंबई मुद्दाम बंद करून बघितली. सकाळचं संकलन आटपलं, साडेअकराला मुंबईचे तिन्ही नोड खाली. हैदराबादेत तिघं हिरवे. टेबलाभोवती सगळे गोळा, कुणीतरी वडापाव आणलेला. ॲप उघडलं आणि लॉगिन नाही. पासवर्ड चुकीचा नाही, नोड बंद नाही, डेटा जागेवर, तरी आत घेईना. वीस मिनिटं आम्ही हैदराबादच्या दारात उभे. मग कळलं की डेटाबेस आपले वापरकर्ते आणि पासवर्ड एका वेगळ्या कीस्पेसमध्ये ठेवतो आणि तिची मूळ सेटिंगमध्ये एकच प्रत असते. आमची ती एक प्रत मुंबईतल्या नोडवर, जो आम्हीच बंद केलेला. दुधाच्या सहा प्रती, कुलपाची किल्ली एक, आणि ती बुडालेल्या घरात. दुरुस्ती पाच मिनिटांची: त्या कीस्पेसलाही दोन्हीकडं तीन-तीन प्रती सांगायच्या आणि रिपेअर चालवायचा. कागदपत्रांत हे लिहिलेलं आहे, मी नंतर वाचलं. पण ज्याचं नावच वितरित डेटाबेस, त्यानं किल्ली एकाच खिशात ठेवून पाठवावी? खऱ्या पुरात हे कळलं असतं तर काय झालं असतं, ते मी आबांना आजवर सांगितलेलं नाही.

घड्याळाचा किस्सा माझा लाडका आहे. एकाच ओळीवर दोन वेळा लिहिलं तर कॅसॅन्ड्रा भांडत बसत नाही, ज्याची वेळ नंतरची ते खरं. वेळ मायक्रोसेकंदात. म्हणून सगळ्या नोडची घड्याळं जुळवून ठेवावी लागतात, ते आम्ही केलं होतं. पण वाड्यावस्त्यांवर नेट जातं, तेव्हा संस्थेचा संगणक ओळी साठवून नंतर पाठवतो, आणि क्रम बिघडू नये म्हणून आम्ही त्या संगणकाचीच वेळ डेटाबेसला द्यायचो. राधानगरीकडच्या एका संस्थेत संगणकाची बॅटरी मेलेली. लाइट गेली की तारीख हातानं घालायची. २०२३ मध्ये एका संध्याकाळी ऑपरेटरनं घाईत २०३२ घातलं.

त्यात एका सभासदाच्या ४.२ लिटरचे ४२ झाले. सचिवांनी दुरुस्त केलं, पडद्यावर 'नोंद जतन झाली', परत बघितलं तर ४२. तीनदा. मला फोन आला, मी इथून केलं, ४२. खोडून टाकलं, तरी ४२ तसेच. खोडल्याची वेळ २०२३ ची, नोंदीची २०३२ ची, मग कोण जिंकणार? त्या एका म्हशीनं नऊ वर्षं पुढचं दूध दिलं होतं आणि आमचं कुणाचंच तिच्यापुढं चालेना. शेवटी २०३२ मधल्या त्या क्षणापेक्षा एक मायक्रोसेकंद पुढची वेळ देऊन दुरुस्ती लिहिली तेव्हा कुठं ४.२ झाले. आता डेटाबेसला वेळ आमचा सर्व्हर देतो. संस्थेची वेळ वेगळ्या रकान्यात असते, तिथं हवं ते साल घाला.

काय जमत नाही तेही स्पष्ट लिहितो. संस्थेत दुधाशिवाय उधारीचं खातं असतं: पशुखाद्याची पोती, उचल, बिलातून कपात. इथं जुनी शिल्लक वाचायची, वजाबाकी करायची आणि नवी लिहायची. उत्साहात हेही आम्ही कॅसॅन्ड्रात घातलं. सभासदानं संस्थेत एक पोतं घेतलं ते मुंबईत लिहिलं गेलं, त्याच्या पोरानं ॲपवरून दुसरं मागवलं ते हैदराबादेत, आणि दोघांनीही तीच जुनी शिल्लक वाचलेली. नंतर लिहिणारा जिंकला, एक पोतं हवेत विरलं. अट घालून लिहिण्याची सोय कॅसॅन्ड्रात आहे. ती एकाच शहरापुरती ठेवली तर दुसऱ्या शहराला माहीत नसते, दोन्ही शहरांना मिळून लावली तर परत तेच सहापैकी चार आणि दुवा तुटला की बंद. दोष डेटाबेसला देत नाही. बैलाला दूध मागितलं होतं आम्ही. उधारी आता मुंबईत पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसमध्ये असते आणि तिची एक मागं-मागं चालणारी प्रत हैदराबादेत. मुंबई गेली तर काही सेकंदांची उधारी जाऊ शकते, ते संस्थांना लेखी कळवलंय.

काहीजण विचारतात, युगाबाइट किंवा कॉक्रोच हे डेटाबेस का नाही घेतले, त्यात व्यवहार पक्के असतात. असतात, कारण तिथं प्रत्येक लिखाणाला प्रतींचं बहुमत लागतं. पण दोनच शहरं असली की बहुमत कुठल्यातरी एका शहरात पडणार, आणि नेमकं तेच शहर बुडालं की दुसरं असून नसल्यासारखं. तिथं तिसरं शहर लागतं. आमच्या खिशात तिसरं शहर नव्हतं. तुमच्या असेल आणि तुमचा धंदा शिलकीचा असेल, तर तिकडंच जा.

आणखी एक त्रास, छोटा पण रोजचा. इथं प्रश्न आधी ठरवून टेबल मांडावं लागतं. आमचं मुख्य टेबल संस्था, तारीख आणि पाळी यांवर, आतमध्ये सभासद कोड. 'कोड ११४ चं वर्षभराचं दूध दाखवा' म्हटलं की त्याच ओळी दुसऱ्या टेबलात परत लिहिलेल्या हव्यात. दोन टेबलं जोडून विचारायची सोय नाही, मनात आलं म्हणून विचारलं असं नाही. जिल्हा बँकेला अमुक अहवाल हवाय म्हणून संध्याकाळी फोन आला की माझं जेवण थंड होतं.

खर्च: एकट्या मुंबईच्या काळापेक्षा महिन्याचं बिल दुपटीच्या थोडं वर. लायसन्स शून्य, पण सहा यंत्रं चोवीस तास जागी, वर वाहतूक. दुधाच्या ओळी बारीक असल्यानं रोजची वाहतूक किरकोळ आहे, पण पहिला रिबिल्ड आणि शनिवारसारखे मोठे रिपेअर बिलात वेगळे उठून दिसतात. शिवाय एक माणूस, ज्याला हे सगळं समजतं. आमच्याकडं ती मी, आणि मी आजारी पडलो तर तो फायरवॉलवाला पोरगा. तो आता चांगला तयार झालाय, घाबरतो पुरेसा.

चांगलं काय, तर या अडीच वर्षांत मुंबईचे नोड एक-एक करून कितीदा बंद केले, आवृत्त्या बदलल्या, एकदा एका नोडची डिस्क गेली, रांगेतल्या एकाही माणसाला कळलं नाही. तिमाहीला एकदा अख्खी मुंबई आम्ही साडेअकरा ते तीन बंद ठेवतो आणि संस्था हैदराबादवर चालतात. पहिल्यांदा हात थरथरत होते, आता जेवायला जातो. या कामाला पूर्ण गुण.

तर मागच्या दिवाळीत हे सगळं आबांना समजावून सांगत होतो. फरक बिलाचा, म्हणजे दुधाच्या दरातला उरलेला फरक हातात पडायचा दिवस, ते खुशीत. म्हटलं, आता तुमच्या संस्थेचं दूध मुंबईतही असतं आणि हैदराबादेतही, दोन्हीकडं त्याच क्षणाला. आबांनी अडकित्त्यानं सुपारी कातरली आणि म्हणाले, "म्हंजी नासलं तर दोन्हीकडं एकदमच नासणार की."

नासणारच. कुणी चुकून अख्खी संस्था खोडली तर ते खोडणंही वीस-पंचवीस मिलिसेकंदांच्या आत हैदराबादेत पोचतं. सहा प्रती म्हणजे बॅकअप नव्हे, हे मला पुस्तकातून माहीत होतं, पण दोन वर्षं त्यावर काही केलं नव्हतं. आता रोज रात्री स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची गोठवलेली प्रत, घेतो, तो तिसऱ्या ठिकाणी जातो, आणि आठवड्याची एक प्रत डिस्कवर, राजारामपुरीत दुसऱ्या मजल्यावर, माळ्यावर. गेल्या रविवारी त्या डिस्कवरून रिकाम्या नोडवर सगळं परत उभं करून बघितलं. चार तास अकरा मिनिटं लागली. सकाळचं संकलन संपल्यापासून संध्याकाळचं सुरू होईपर्यंत मला नऊ तास मिळतात, पण त्यात गोंधळ कळायला, माणसं जमायला आणि निर्णय घ्यायला निम्मे जाणार. तीन तासांच्या आत आणायचंय. आलं की तो राखलेला अर्धा तारा इथं येऊन लावतो.